अकरा जुलैची ओळ

३ ऑक्टोबर, मंगळवार

ही वही मी स्वतः बांधली. दुकानात रोज शंभर-दीडशे प्रती वाया जातात. कधी शाई कमी, कधी पान तिरकं, कधी गिऱ्हाईकच म्हणतं की नको. एका बाजूला लोकांचे जन्मदाखले, भाडेकरार, गुणपत्रिका, आणि मागची बाजू कोरी. असे पाठकोरे कागद उचलले, भोकं पाडली, स्पायरल घातलं. माझा संताप आता कुणाच्या तरी वीजबिलाच्या पाठीवर उतरणार. शोभतंय.

संताप आहे म्हणूनच वही आहे. सांगायचं कुणाला? आईला सांगितलं की ती म्हणते जेव आधी.

तर आज काकांनी बॉम्ब टाकला. काका म्हणजे आमचे मालक. सख्खे काका नव्हेत, पण तीस वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवून ते सगळ्या रस्त्याचे काका झालेत. महिनाअखेर ते मुलीकडे कायमचे राहायला जाणार. म्हणाले, पंचवीस तारखेपर्यंत दीड लाख अनामत ठेव, दोन्ही मशीन, काउंटर, पाटी, सगळं तुझं. नाहीतर भाचा मागतोच आहे. मी तिथल्या तिथे म्हणालो, झालं समजा. मला महिना नऊ हजार मिळतात. ते त्यांनाच ठाऊक, कारण तेच देतात. तरी त्यांनी विचारलं नाही की कुठून आणणार. नुसते चष्म्यावरून बघत राहिले.

मला दुकान का हवंय ते इथे लिहून टाकतो, ही वही कोण वाचणार आहे. समोर शेअर दलालाचं ऑफिस आहे. तिथे ती काम करते. दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडून येते, हातात एकच कागद. एक प्रत द्या. सगळे कागद एकदम आणायला काय होतं, ते तिलाच माहीत. प्रत्येक वेळी मी मशीनवर वाकलेला, हात काळे, आणि तिच्यासमोर 'दोन रुपये' एवढंच बोलायचं. मशीनवरच्या पोराने तिला काय विचारायचं? मालकाने विचारता येतं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज तिने आणलेल्या कागदावर शेअरच्या भावांची यादी होती. प्रत काढता काढता माझी नजर एका नावावर अडकली. बाबांची पंपाची कंपनी. ज्या कारखान्यात बाबांनी सव्वीस वर्षं लेथ मशीन चालवलं, ज्याला सहा वर्षांपूर्वी कुलूप लागलं, तो अजून बाजारात जिवंत! भाव सहा रुपये चाळीस पैसे.

मी विचारलं, बंद कंपनीचा शेअर कसा काय चालतो. ती म्हणाली, कागदावर अजून आहे, चिल्लर भावातले असे शेकडो शेअर असतात. यांत हात घालू नका, आणि घालायचाच तर आधी जुने भाव वाचा, रोजचे मिळतात. मग काउंटरवरच्या चिठोऱ्यावर तिने रकाने आखून दाखवले. तारीख, उघडताना, सर्वांत वर, सर्वांत खाली, बंद होताना, आणि शेवटी उलाढाल, म्हणजे त्या दिवशी किती शेअर इकडचे तिकडे झाले. तिच्या अनामिकेवर निळ्या शाईचा डाग होता. सहावा रकाना ती समजावत होती तेव्हा मी तो डाग बघत होतो.

चिठोरं जपून ठेवलंय.

८ ऑक्टोबर, रविवार

आज अक्षर लागलं नाही तर त्याला मी जबाबदार नाही.

मला आठवत होतं की कारखान्याने थकलेल्या पगाराच्या बदल्यात कामगारांना शेअर दिले होते. आई-बाबा लग्नाला गेले तेव्हा कपाट उघडलं. बाबांची फाईल म्हणजे वेडाचार आहे. प्रत्येक कागद तारखेने लावलेला, कोपऱ्याला भोक, त्यातून पितळी तार ओवलेली, तारेचं टोक आत वळवून कानसलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. वरच सापडलं वाटपाचं पत्र. पंचवीस हजार शेअर. दर्शनी किंमत एक रुपया. खाली कंपनीचं आणखी एक पत्र, दोन वर्षांपूर्वीचं, इंग्रजीत, बारीक अक्षरात चार पानं, सर्व भागधारकांसाठी. पहिला परिच्छेद वाचला, डोकं दुखलं, सोडलं. दोन्हींच्या मधे कागदांचा एक जुडगा तारेने गच्च बांधलेला होता. तो सोडवत बसायला वेळ नव्हता.

पंचवीस हजार गुणिले सहा चाळीस. एक लाख साठ हजार! दुकानाची अनामत आमच्या कपाटात पडून आहे, आणि माझा बाप दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये रोजावर नट कापतोय.

पण हे काहीच नाही. दुकान उघडून सगळे जुने भाव छापून घेतले, अडतीस पानं. एकेक ओळ पट्टी लावून वाचली. चार वर्षांपूर्वी, जुलैची अकरा तारीख. उघडला चारशे बारा. वर चारशे बारा. खाली चारशे बारा. बंद चारशे बारा. चारही रकान्यांत ४१२, जसा काही खिळा ठोकलाय. त्या आधी महिनाभर रोज थोडा थोडा वर, त्या दिवशी शिखर, आणि दुसऱ्या आठवड्यापासून घसरगुंडी.

पंचवीस हजार गुणिले चारशे बारा. तीनदा केलं. कॅल्क्युलेटरवर केलं, कागदावर केलं.

एक कोटी तीन लाख.

९ ऑक्टोबर, सोमवार

बाबांना विचारलं. सरळ नाही, आडून. गॅलरीत त्यांचं छोटं बाक आहे, त्यावर पकड बसवलेली, सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांचे कुकर, नळ, शिलाई मशीन तिथे बरे होतात. मी म्हणालो, तुमच्या कंपनीचा शेअर एकेकाळी खूप वर गेला होता म्हणे. डावा कान यंत्रांनी खाल्लाय त्यांचा, म्हणून दोनदा म्हणालो. ते म्हणाले, हो, जमीन विकणार अशी आवई होती तेव्हा. मी म्हणालो, मग तेव्हा विकायचे ना.

बाबा नळाच्या आट्यांवर फुंकर मारून म्हणाले, "भाव असला म्हणजे गिऱ्हाईक असतंच असं नाही."

बास. एवढंच. एक कोटीचं स्पष्टीकरण सात शब्दांत. नाचता येईना अंगण वाकडं. गिऱ्हाईक नसेल तर भाव चढेल कशाला, हे शाळेतलं पोरगंही सांगेल.

म्हणालो, मग आता तरी विका, मला दुकान घ्यायचंय. म्हणाले, किती आहेत ते आधी ऑफिसात विचार. जणू मला पंचवीस हजार वाचता येत नाहीत.

११ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर डोक्यात तेच गणित. एक कोटी तीन लाख असते तर मी कॉलेज सोडलं नसतं. आज इंजिनिअर असतो. तिच्या ऑफिसात गिऱ्हाईक म्हणून गेलो असतो आणि तिने मला खुर्ची दिली असती.

आई म्हणाली, कॉलेज काय पैशांवाचून सुटलं का रे. आईला मधे बोलायची सवय आहे. ठीक आहे, पैशांवाचून नाही सुटलं. ड्रॉइंगच्या सरांनी माझी शीट सगळ्या वर्गासमोर फाडली, म्हणाले नक्कल केलीस. मी नक्कल केली नव्हती. मी त्यांची सेट-स्क्वेअर उचलली आणि त्यांच्याच टेबलावर दोन तुकडे केले. दोन ओळींचं माफीपत्र मागत होते. मी दिलं नाही, कारण चूक माझी नव्हती. मग बाबा कारखान्याचा जुना निळा सदरा घालून प्राचार्यांसमोर हात जोडून उभे राहिले. ते बघून मी तिसऱ्या सत्रात जो बाहेर पडलो तो आजपर्यंत. माझ्यासाठी कुणी हात जोडलेले मला चालत नाहीत.

पण कोटी रुपये असलेल्या माणसाला हात जोडावे लागतात का? मुद्दा तोच आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आज मी ते केलं.

जुलैचं पान मोठं करून ए-थ्रीवर छापलं. अकरा तारखेखाली लाल रेघ. रेघ सरळ यावी म्हणून दारामागे लटकलेला माझा कॉलेजचा ड्राफ्टर, ड्रॉइंगची ती सरकती पट्टी, काढला, कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा उपयोगी पडला. मग तो कागद बाबांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, चारही कोपऱ्यांना टेप लावून चिकटवला. खाली लिहिलं : पंचवीस हजार × ४१२ = १,०३,००,०००.

बाबा कामावरून आले, चपला काढल्या, हात धुतले, बसले. वाचलं. मी वाटच बघत होतो. सगळं बोलून टाकलं. अर्धं आता आठवत नाही, पण एक वाक्य आठवतंय, कारण त्यावर आईच्या हातातलं ताट खाली ठेवलं गेलं.

"जन्मभर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजत बसलात आणि नाकासमोरून एक कोटी गेले ते दिसले नाहीत तुम्हाला."

आई म्हणाली, तुला काय माहीत आहे रे, आणि पुढे काही सांगणार तोच बाबांनी तिच्याकडे बघून मान हलवली. इतकीशी. आई ताट उचलून आत गेली. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा तो कागद वाचायला लागले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. भांडायला समोर माणूस लागतो. हे म्हणजे ओल्या पोत्याला लाथ मारणं.

जेवण तिघांनी तीन वेळांना केलं.

१५ ऑक्टोबर, रविवार

कागद फाडतील असं वाटलं होतं. फाडला नाही. उलट सकाळी बघतो तर पेन्सिलीने त्यावर एक बारीकसा गोल. तोही ४१२ भोवती नाही. त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात ५० आकडा आहे, त्याच्याभोवती. आणि बाजूला बरोबरची छोटी खूण, कारखान्यात जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मापात उतरला की करायचे तशी.

उत्तर नाही, खुलासा नाही, नुसता गोल. मी कोटीचा जाब विचारतोय आणि हे पन्नासला गोल करतायत. खरं सांगतो, मला भीती वाटली की त्यांचं डोकं तर फिरलं नाही ना. मग भीतीचाच राग आला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

तिला सगळं सांगितलं. म्हणजे बाबांचं, माझं नाही. दुपारी दुकानात कुणी नव्हतं, ती एका कागदाची प्रत न्यायला आली होती, आणि मी काउंटरवर अडतीस पानं पसरली. मला वाटलं, तिला माझी कीव येईल. थोडी कीवही चालली असती.

भिंतीवरच्या कागदाचं ऐकल्यावर तिचा चेहराच बदलला.

"तू हे बाबांच्या खुर्चीसमोर लावलंस?"

पहिल्यांदा 'तू' म्हणाली. पंधरा महिने मी या शब्दाची वाट बघतोय, आणि आला तो असा, चपलेसारखा. मी म्हणालो, मग काय देवघरात लावू. तिने पानावर बोट ठेवलं, म्हणाली, उलाढालीचा रकाना वाचलास का, तू फक्त भावच वाचलायस. मी म्हणालो, ज्याचं जळतं त्याला कळतं, तुला काय, तू पगार घेतेस नि घरी जातेस. तिने प्रत उचलली नाही. दोन रुपये काउंटरवर ठेवले आणि गेली. कागद मशीनमध्येच राहिला.

तो कागद कसला होता? तिच्या ऑफिसच्या सुट्ट्यांची यादी. गेल्या आठवड्यातही याचीच प्रत नेली होती. या ऑफिसातल्या लोकांना किती प्रती लागतात सुट्ट्यांच्या!

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा दिवस वहीतून फाडता आला तर बरं.

सकाळी बाबांनी स्वतःहून शेअर विकायच्या फॉर्मवर सही करून दिली. विक, म्हणाले, सगळे. मी हातातून जवळजवळ ओढलाच. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, किती आहेत ते विचार आधी. मी ऐकलं नाही असं दाखवलं. एका कानाचा बहिरेपणा मलाही जमतो.

दहा वाजता समोरच्या ऑफिसात गेलो. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा मी रस्ता ओलांडला. दाराशीच चकचकीत झेरॉक्स मशीन, काकांच्या दोन्ही मशीनपेक्षा मोठं. काउंटरला ती. फॉर्म दिला. तिने खातं उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, दोनशे शेअर आहेत.

मी म्हणालो, पंचवीस हजार. ती म्हणाली, दोनशे. मी वाटपाचं पत्र काउंटरवर आपटलं. ओरडलो. बाकीचे चोवीस हजार आठशे कुणी खाल्ले, गरीब माणूस बघून हात मारता का, पोलिसांत जातो, अजून बरंच. ऑफिसातले सगळे उभे राहिले. एक आजोबा आपल्या पिशवीवर हात ठेवून मागे सरकले. आतून व्यवस्थापक आला. टाय, पोट, हातात चहा. त्याने मला बाहेर काढायला शिपायाला हाक मारली, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, सर, एक मिनिट, मी समजावते.

समजावलं. सगळ्यांसमोर, सावकाश, पहिलीच्या मुलाला सांगावं तसं. दोन वर्षांपूर्वी कंपनीने शंभर जुन्या शेअरचा एक नवा केला. भाव अगदी पैशांवर आला होता, तो जरा बरा दिसावा म्हणून. सगळ्यांना पत्रं गेली होती, चार पानी. ज्याच्याकडे शंभर, त्याचा एक. आणि भावांच्या यादीत असं केल्यावर मागचे सगळे जुने भाव शंभरपट करून दाखवतात, नाहीतर आलेख मधेच तुटल्यासारखा दिसेल.

मी विचारलं, मग चारशे बारा?

"चार रुपये बारा पैसे. या शेअरला चारशे बारा रुपये आजवर कुणी कधीच दिलेले नाहीत."

म्हणजे मी जुन्या काळातल्या शेअरांना नव्या मापाच्या भावाने गुणलं. एका हाताची पट्टी इंचाची, दुसऱ्या हाताची सेंटिमीटरची. लेथवाल्याचा पोरगा. एक कोटी तीन लाख नव्हतेच. एक लाख तीन हजार. आणि आज? दोनशे गुणिले सहा वीस, एवढ्यात भावही उतरलाय. बाराशे चाळीस रुपये. दीड लाख राहू दे, त्यात टायवाल्याचे चहा आणि बिस्किटंसुद्धा महिनाभर भागणार नाहीत.

माझ्या डोक्यात त्याही क्षणी काय आलं? तरीही एक लाख तीन हजार गेलेच ना. तेव्हाही लाख म्हणजे लाख. तेव्हा विकायचे होते. आणि पंचवीस हजार शंभराने भागून दोनशे कसे होतील, हेही गणित बसत नव्हतं. पंचवीस हजारांचे अडीचशे व्हायला हवेत. पन्नास कमी. मी तेही विचारणार होतो, पण टायवाला आता तिच्याकडे वळला होता. जुने भाव छापून घ्यायला याला कुणी शिकवलं, हे ऑफिस आहे की शिकवणी वर्ग. ती खाली बघून उभी होती. अनामिकेवर तोच निळा डाग.

फॉर्म परत घेतला. विकला नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

ती आली नाही. एकदाही नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

नाही. काकांनी विचारलं, तुझं ते रोजचं गिऱ्हाईक कुठे गेलं. मी म्हणालो, त्यांच्याकडे स्वतःचं मशीन आहे. काका म्हणाले, मशीन तर तिथे दोन वर्षांपासून आहे. आणि पुन्हा चष्म्यावरून बघितलं. आपला दर कमी आहे म्हणून येत असेल, म्हणालो. काकांनी कपाळावर हात मारला. का ते सांगितलं नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार

पन्नास कमी. दोन रात्री तेवढंच डोक्यात. अडीचशे हवेत, आहेत दोनशे. पन्नास कुठे गेले, या एका प्रश्नावर मी अजून भांडू शकत होतो, म्हणून तो सोडावासा वाटत नव्हता.

आई बाजारात, बाबा एका शेजाऱ्याचा पंप बघायला. कपाट उघडलं, फाईल काढली आणि तो गच्च बांधलेला जुडगा या वेळी सोडवला. तार उलगडायला दहा मिनिटं लागली, चिमटा लागला.

पहिला कागद दलालाचं बिल. याच समोरच्या ऑफिसचं. तारीख अकरा जुलै, चार वर्षांपूर्वीची. विक्री : पाच हजार शेअर. दर चार रुपये बारा पैसे. दलाली वजा जाता वीस हजार चारशे ऐंशी.

दुसरा कागद पावती. तारीख तेरा जुलै. माझ्या कॉलेजची. पहिल्या वर्षाची फी, अठरा हजार सातशे पन्नास. माझं नाव, छापील अक्षरांत.

तिसरा, स्टेशनरीच्या दुकानाचं बिल. एक ड्राफ्टर.

मी जमिनीवर बसलो होतो तिथून ती भिंत दिसते. पाच हजार भागिले शंभर. किती वेळ लागला मला हे करायला, ते लिहीत नाही. पाच हजार भागिले शंभर, पन्नास. त्या दिवशी सगळ्या बाजारात मिळून पन्नास. यादीत उलाढालही नव्या मापात असते, म्हणजे तेव्हाचे पाच हजार, एकाही शेअरने जास्त नाही. दुसऱ्या कुणीच विकले नाहीत. उघडताना ४१२, बंद होताना ४१२, कारण दिवसभरात एकच व्यवहार झाला होता.

तो भाव बाबांचा होता. ती ओळच बाबांची आहे.

ज्याने शिखरावर विकलं असा त्या अडतीस पानांत एकच माणूस आहे, आणि मी त्याच्याच खुर्चीसमोर ते चिकटवून त्याला विचारत होतो की तेव्हा कुठे होतात. आणि खाली लाल रेघ मारली. ड्राफ्टरने!

शिव्या घालाव्यात असं वाटतं, पण यादीत माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी गॅलरीत गेलो. बाबा कुकरची शिट्टी घासत होते. मी उभा. त्यांनी वर न बघता हात पुढे केला, म्हणाले, बारीक कानस दे. दिली. मग मी विचारलं, त्या दिवशी बाकीचे वीस हजार का नाही विकले. या वेळी खरंच विचारलं. टोमणा नव्हता.

ते म्हणाले, सगळे लावले होते, पंचवीसच्या पंचवीस हजार. कामाला सुट्टी टाकून सकाळपासून त्या ऑफिसात बाकावर बसून होतो. अडीच वाजता पाच हजार गेले. म्हटलं बाकीचेही जातील. बाजार बंद होईपर्यंत बसलो, कुणी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशीही बसलो. मग फीची मुदत होती, उठलो.

मी म्हणालो, मला सांगायचं ना त्या दिवशी, भिंतीवर लावलं तेव्हा. आई सांगत होती तर तिलाही गप्प केलंत.

शिट्टी उजेडात धरून त्यांनी भोकातून बघितलं.

"तू कॉलेज सोडलेलंस. फीचं काढलं असतं तर तुला वाटलं असतं, मी बोलून दाखवतोय."

आणि थोड्या वेळाने म्हणाले, बाजारात अशी नोंद राहते हे मला माहीत नव्हतं. चार वर्षांनी बघायला मिळाली. माझीच ती. मापात उतरलेली. म्हणून फाडला नाही.

मी तिथून निघून न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडला. रागाने डोळ्यांत पाणी येतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

२५ ऑक्टोबर, बुधवार

दुकान भाच्याला गेलं. तो आला, मशीनवर हात फिरवला आणि मला म्हणाला, तू आहेसच ना पुढे. आहेच. नऊ हजार. काकांनी जाताना मला त्यांचा स्टेपलर दिला.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी पुन्हा रस्ता ओलांडला. टायवाल्याच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, त्या दिवशी चूक माझी होती, आणि तुमच्या काउंटरवरच्या मुलीने मला जुने भाव वाचायला सांगितलं ते मी हात पोळून घेऊ नये म्हणून, माझं डोकं त्या सहाव्या रकान्यापर्यंत पोचलं नाही हा तिचा दोष नाही. त्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, बरं. एवढंच. माफी मागायला एक मिनिट लागतं. मी यावरून कॉलेज सोडलं होतं.

तीन वाजता ती आली. हातात एक कागद. सुट्ट्यांची यादी.

मी म्हणालो, तुमच्या ऑफिसात मशीन आहे ना.

"आहे," ती म्हणाली.

आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी प्रत काढली. दोन रुपये घेतले नाहीत, तर म्हणाली, नवा मालक ओरडेल तुझ्यावर, आणि ठेवून गेली. पुन्हा 'तू'. तिच्याकडे मशीन असताना ती इथे का येते, हे तिला सरळ विचारायला हवं. उद्या विचारतो.

रात्री एक चिठ्ठी लिहिली आणि भिंतीवरच्या कागदाला खाली चिकटवली. सातव्या प्रयत्नाला जमली. 'बाबा, अकरा जुलैची ओळ मला वाचता आली नाही. माझी चूक.' दोन ओळी.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी उठलो तर भिंत रिकामी. टेपचे चार डाग. बाबा कामावर गेलेले.

फाईल टेबलावर उघडी ठेवली होती, मी बघावी म्हणून. जुडगा पुन्हा तारेत ओवलेला. दलालाचं बिल, त्यामागे कागदाची एक लांब पट्टी, पोलादी पट्टी लावून पात्याने कापलेली, कडा इतक्या सरळ की मशीनला जमणार नाहीत. ११ जुलै. ४१२, ४१२, ४१२, ४१२, ५०. लाल रेघही पट्टीबरोबर आली आहे, तिला इलाज नव्हता. त्यामागे फीची पावती, ड्राफ्टरचं बिल, आणि सर्वांत शेवटी, तारखेने तिथेच यायला हवी म्हणून, माझी चिठ्ठी. कोपऱ्याला भोक. बाजूला पेन्सिलीने बरोबरची खूण.

ए-थ्रीचा उरलेला कागद घडी घालून माझ्या वहीवर ठेवला होता. पाठकोरा आहे, वाया कशाला घालवायचा, असंच म्हणाले असते. तो दुमडून वहीत घातला आणि हे त्याच्याच पाठीवर लिहितोय. मधे एका ओळीएवढी फट आहे. तिथे पोचलं की पेन उचलावं लागतं आणि पलीकडून पुन्हा सुरू करावं लागतं.